कमरेचे दुखणे आणि पिळदार देहाची औषधे

कमरेत उसण भरणे ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना नवीन नव्हती. भाताचे भारे, पाण्याच्या घागरी आणि भाजीच्या पाट्या वाहणाऱ्या पिढ्यांनी कंबरदुखी सोसली, रात्री तेल चोळून घेतले, विटेचा शेक घेतला आणि पायाळू माणसाने कमरेला लाथ लावली की उसण उतरते यावर मनापासून विश्वासही ठेवला. आज मात्र कंबर धरून बसणाऱ्यांमध्ये एक निराळाच वर्ग दिसू लागला आहे. वयाची पंचविशीही न ओलांडलेले, रुंद छातीचे, पिळदार दंडाचे हे तरुण बाहेरून पाहता सुदृढतेचे पुतळे वाटतात. तथापि दोन मजले चढले की कठड्याला धरून थांबतात, बुटाची नाडी बांधताना त्यांचा श्वास अडकतो, आणि फलाटावर दहा मिनिटे उभे राहणेही त्यांना जड जाते. घरातील मंडळी म्हणतात, "व्यायाम जरा जास्तच झाला असेल." आई मलम चोळते, जवळचे डॉक्टर वेदनाशामक गोळी लिहून देतात, आणि मुलगा जिमच्या पिशवीच्या तळाशी ठेवलेल्या दुसऱ्याच गोळ्यांविषयी आईलाही सांगत नाही व डॉक्टरांनाही सांगत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या न सांगितलेल्या गोळ्या आणि ती दुखरी कंबर यांच्यामधील संबंध हा आहे. हा संबंध वाटतो तितका सरळ नाही. गोळी घेतली म्हणून कंबर दुखली, इतके सोपे ते समीकरण असते तर लेख लिहिण्याची गरजच नव्हती.

प्रथम 'स्टिरॉइड' या शब्दाचा उलगडा करणे आवश्यक आहे, कारण त्यावरून आपल्याकडे फार घोटाळा होतो. दमा, संधिवात, त्वचेचे विकार यांवर डॉक्टर जी प्रेडनिसोलोन वा डेक्सामेथासोनसारखी औषधे देतात, तीही स्टिरॉइडच. करोनाच्या साथीत अत्यवस्थ रुग्णांना डेक्सामेथासोन दिले गेले, हे पुष्कळांना आठवत असेल. पण ती कॉर्टिकोस्टिरॉइड. ती सूज उतरवतात, आणि दीर्घकाळ घेतल्यास स्नायू वाढवण्याऐवजी क्षीण करतात व हाडे ठिसूळ बनवतात. शरीरसौष्ठवासाठी वापरली जातात ती ॲनाबॉलिक स्टिरॉइड, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आणि त्याची प्रयोगशाळेत घडवलेली भावंडे. तेव्हा हा लेख वाचून कोणी आपला दम्याचा पंप फेकून देऊ नये, ही आग्रहाची विनंती.

टेस्टोस्टेरॉन कृत्रिमरीत्या तयार करण्यात १९३५ साली यश आले. ते घडवणाऱ्या आडोल्फ बुटेनान्ट आणि लिओपोल्ड रुझिचका या दोन शास्त्रज्ञांचा १९३९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाने गौरव झाला. औषध म्हणून त्याचे स्थान आजही मोठे आहे. ज्या पुरुषांच्या शरीरात हे संप्रेरक तयारच होत नाही, त्यांना ते वरदान ठरते. खेळाच्या मैदानात ते शिरले ते पुढच्या दोन दशकांत. अमेरिकेचे डॉक्टर जॉन झीगलर १९५४ साली भारोत्तोलन संघाबरोबर व्हिएन्ना येथील जागतिक स्पर्धेला गेले असता, सोव्हिएत मल्ल टेस्टोस्टेरॉन घेतात असे त्यांच्या कानावर आले. मायदेशी परतल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथील भारोत्तोलकांवर अशा औषधांचे प्रयोग केले. १९५८ साली सीबा कंपनीने 'डायनाबॉल' ही गोळी अमेरिकेच्या बाजारात आणली. झीगलर यांनी अल्प मात्रा सांगितली होती. खेळाडूंनी ती आपल्या मनाने कित्येक पटींनी वाढवली. पुढे झीगलर यांना या साऱ्याचा मनस्वी पश्चात्ताप झाला, पण तोवर गोळी त्यांच्या हातून सुटून जगभर पोहोचली होती. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने १९७५ साली या औषधांवर बंदी घातली, तरी व्यायामशाळांच्या मागच्या दारातून त्यांची ये-जा थांबलेली नाही.

या औषधांनी स्नायू वाढत नाहीत, तो केवळ भास आहे, असे कित्येक वर्षे सांगितले जात असे. तरुणांना परावृत्त करण्याच्या सद्हेतूने सांगितलेले हे असत्य होते आणि त्याने तोटाच झाला. कारण शेजारच्या मुलाचे दंड तीन महिन्यांत फुगलेले दिसत असताना उपदेशकावर कोण विश्वास ठेवणार? १९९६ साली डॉ. शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ४३ निरोगी पुरुषांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा आठवडे दर आठवड्यास ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन टोचून घेणाऱ्या आणि व्यायाम करणाऱ्या पुरुषांचे चरबीविरहित वजन सरासरी ६.१ किलोने वाढले. नुसता व्यायाम करणाऱ्यांचे १.९ किलोने वाढले. आणि व्यायाम अजिबात न करता केवळ इंजेक्शन घेणाऱ्यांचे ३.२ किलोने! निरोगी पुरुषाचे शरीर दिवसाला साधारण ३ ते १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करते, हे लक्षात घेतले म्हणजे ही मात्रा किती मोठी होती याची कल्पना येईल. आणि जिममधील काही 'सायकली' त्याहूनही मोठ्या असतात. ठराविक आठवडे औषधे घेणे आणि मग थांबणे याला तेथे सायकल म्हणतात.

खुर्चीत बसून राहणाऱ्याचाही स्नायू वाढतो, या शेवटच्या आकड्यातच कंबरेच्या गोष्टीचा पहिला धागा आहे. स्नायू वाढला, पण ज्या दोरखंडांनी तो हाडाला बांधलेला आहे त्यांचे काय? स्नायू हाडाला कंडरांनी जोडलेले असतात. स्नायूला रक्ताचा भरपूर पुरवठा असतो, त्यामुळे तो झपाट्याने वाढतो व झपाट्याने भरूनही येतो. कंडरेला रक्त अत्यल्प मिळते. तिचे काम संथ, तिची दुरुस्तीही संथ. ती किती संथ, हे डेन्मार्कमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली एका विलक्षण मार्गाने दाखवून दिले. १९५५ ते १९६३ या काळातील अणुचाचण्यांमुळे वातावरणात किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले होते आणि तो त्या काळात वाढणाऱ्या प्रत्येक शरीरात शिरला. पुढे कित्येक वर्षांनी माणसांच्या टाचेमागील कंडरेच्या गाभ्यात तो जसाच्या तसा सापडला. म्हणजे वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत जो गाभा तयार होतो, त्याच्यावरच माणसाला आयुष्य काढावे लागते. मणक्यांमधील गाद्यांची स्थिती तर याहून नाजूक आहे. प्रौढ माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. तिला अन्न मिळते ते आजूबाजूच्या हाडातून झिरपून.

आता कल्पना करावी की, एखाद्या जुन्या बैलगाडीला एका रात्रीत ट्रकचे इंजिन बसवले. इंजिन जोमाने ओढू लागते, पण आस, चाके आणि जोखड तीच राहतात. सायकल चालू असलेल्या तरुणाचे नेमके हेच होते. मागच्या महिन्यात जमिनीवरून ऐंशी किलोचा बार उचलताना त्याची दमछाक होत होती. या महिन्यात तो एकशे तीस उचलतो आणि त्याला वाटते, शरीर तयार झाले. स्नायू तयार झालेले असतात, कणा झालेला नसतो. शिवाय या औषधांनी थकवा लवकर जातो, त्यामुळे विश्रांतीचे दिवस कमी होतात, आणि मन आक्रमक बनल्यामुळे दुखण्याची पहिली सूचना मानायची तयारी राहत नाही.

हार्वर्डशी संलग्न असलेल्या मॅक्लेन रुग्णालयातील संशोधकांनी २०१५ साली ३५ ते ५५ वयाच्या १४२ अनुभवी शरीरसौष्ठवपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८८ जण दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे होते आणि ५४ जणांनी ती कधीच घेतली नव्हती. घेणाऱ्यांपैकी १९ जणांची, म्हणजे २२ टक्क्यांची, आयुष्यात कधी ना कधी कंडरा तुटली होती. न घेणाऱ्यांपैकी फक्त ३ जणांची. हा अभ्यास खांदा, दंड, छाती, गुडघा अशा ठिकाणच्या कंडरांचा आहे, कमरेचा नव्हे, हे सांगितले पाहिजे. परंतु ज्या विसंगतीमुळे दंडाची कंडरा तुटते, तीच विसंगती कमरेवरही भार टाकते.

नुसत्या भारानेही कंबर जाते, त्यासाठी औषधच लागते असे नाही. आठ वेळा मिस्टर ऑलिम्पिया झालेले अमेरिकेचे रॉनी कोलमन यांचे उदाहरण या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. १९९८ ते २००५ या काळात त्या स्पर्धेत त्यांना कोणी हरवू शकले नाही. ८०० पौंड, म्हणजे सुमारे ३६३ किलो वजन खांद्यावर घेऊन त्यांनी दोन बैठका काढल्या, त्याचे चित्रीकरण आजही तरुण भक्तिभावाने पाहतात. मणक्याची गादी सरकल्याची तक्रार त्यांना विजेतेपदाच्या आधीपासून होती. निवृत्तीनंतर कणा आणि खुबे यांवर दहाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांना कुबड्यांचा आधार घ्यावा लागला. २०१८ सालच्या एका माहितीपटात हे सारे जगाने पाहिले. त्यांच्या दुखण्याचा ठपका आम्ही कोणत्याही औषधावर ठेवत नाही. ती मुख्यत्वे भाराची कथा आहे. विशेष म्हणजे, पुन्हा संधी मिळाली तर त्या वजनाच्या दोनऐवजी चार बैठका काढीन, असे ते स्वतःच म्हणाले आहेत. भिंतीवर त्यांचे चित्र लावणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे वाक्य विसरू नये, कारण ज्या वृत्तीशी त्यांची गाठ आहे ती हीच.

आता त्या विशिष्ट दुखण्याकडे वळू, ज्याला जिमच्या भाषेत 'बॅक पंप' म्हणतात. व्यायाम करताना स्नायूत रक्त भरते आणि तो टणक होतो, त्याला हे तरुण 'पंप' म्हणतात व त्याचा त्यांना आनंद वाटतो. तोच ताठरपणा कमरेच्या दोन्ही बाजूंना इतका वाढतो की ठणका लागतो, पाऊल उचलवत नाही आणि वाकून बसल्याशिवाय सुटका होत नाही, तेव्हा तो बॅक पंप. डायनाबॉलसारख्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या वापरणाऱ्यांकडून ही तक्रार विशेषत्वाने ऐकू येते. यावरची माहिती बव्हंशी वापरणाऱ्यांच्या कथनातून आलेली आहे, मोठ्या शास्त्रीय चाचण्यांतून नव्हे. पण शरीररचना पाहिली तर ती अविश्वसनीय वाटत नाही.

कण्याच्या दोन्ही बाजूंना मानेपासून माकडहाडापर्यंत स्नायूंचे जाड पट्टे असतात. कमरेच्या भागात हे पट्टे एका चिवट आवरणात, जणू घट्ट शिवलेल्या म्यानात, बसवलेले असतात. म्यान ताणत नाही. या औषधांपैकी पुष्कळांचे शरीरात अंशतः स्त्री-संप्रेरकात रूपांतर होते, मीठ व पाणी साचून राहते, रक्तदाब वाढतो, स्नायूत साखरेचा व पाण्याचा साठा वाढतो. आत स्नायू फुगतो आणि म्यान तेवढेच राहते. दाब वाढला की लहान रक्तवाहिन्या चेपल्या जातात, रक्त येते पण नीट परतत नाही, आणि ठणका सुरू होतो. कमरेचे हे स्नायू चालताना, उभे राहताना, भांडी घासतानासुद्धा कामाला असतात. दंडाच्या स्नायूप्रमाणे त्यांना सुटी मिळत नाही. म्हणून जिममधून बाहेर पडल्यावरही, बसच्या रांगेत हे दुखणे येते.

बहुतेकांचा हा ताठरपणा तासाभरात उतरतो. मात्र क्वचित प्रसंगी हाच दाब इतका चढतो की, स्नायूचा रक्तपुरवठाच तुटतो. जड वजने उचलल्यानंतर कमरेच्या स्नायूंचा असा 'कंपार्टमेंट सिंड्रोम' झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यात कंबर लाकडासारखी कडक होते, वेदना कोणत्याही गोळीला दाद देत नाही, मरू लागलेल्या स्नायूतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. अशा वेळी काही तासांत शस्त्रक्रिया करून ते म्यान उघडावे लागते. सकाळपर्यंत थांबून पाहू, असे म्हणण्याची ती वेळ नव्हे.

बॅक पंपवर व्यायामशाळेतील जाणकार टॉरिन, केळी आणि पोटॅशियमच्या गोळ्या सुचवतात. केळ्याबद्दल कोणाची तक्रार असणार! परंतु पोटॅशियमच्या गोळ्या ही गंमत नव्हे. मूत्रपिंड कमकुवत असेल तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि मूत्रपिंड कमकुवत आहे की नाही हे त्या जाणकाराला ठाऊक नसते. दुर्दैवाने त्या तरुणालाही नसते.

येथे आपण या विषयाच्या सर्वांत महत्त्वाच्या भागाशी येऊन पोहोचतो. आपल्याकडे कंबर दुखली की 'किडनीचे काही असेल का?' अशी शंका येते, आणि ती बहुधा चुकीची असते. मूत्रपिंडे कमरेच्या जरा वर, बरगड्यांच्या खालच्या कडेला असतात. खड्यामुळे किंवा जंतुसंसर्गामुळे ती दुखतात. पण हळूहळू झिजणारे मूत्रपिंड दुखतच नाही. म्हणजे जे दुखते ते बहुतेकदा स्नायू वा मणका असतो, आणि जे खरोखर निकामी होत असते ते मुकाट्याने होते. २०१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉक्टरांनी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या दहा शरीरसौष्ठवपटूंची माहिती प्रसिद्ध केली. दहाही जणांच्या लघवीतून मोठ्या प्रमाणावर प्रथिने जात होती. मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला असता नऊ जणांमध्ये गाळण्याच्या सूक्ष्म गुच्छांवर कायमचे व्रण आढळले. प्रचंड वाढलेल्या देहाचा भार आणि औषधाचा थेट दुष्परिणाम अशी दोन्ही कारणे त्या डॉक्टरांनी मांडली. ज्यांनी औषधे सोडली, व्यायामाचा अतिरेक थांबवला आणि उपचार घेतले त्यांची स्थिती सुधारली वा निदान स्थिरावली; एकाने पुन्हा औषधे सुरू केली आणि त्याचा आजार परतला; आणखी एकाची मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली.

अशा मूत्रपिंडावर आपण कंबरदुखीसाठी काय ओततो, याचा विचार करावा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही वेदनाशामके आपल्या घरोघरी फडताळात सापडतात. निरोगी माणसाने चार दिवस घेतली तर सहसा बिघडत नाही. पण वाढलेला रक्तदाब, स्पर्धेपूर्वी पाणी तोडल्याने कोरडे पडलेले शरीर, त्यावर भरमसाट प्रथिने आणि त्यावर रोज दोन वेदनाशामक गोळ्या, हा मेळ मूत्रपिंडाला सोसवत नाही. वेदनाशामक घेऊन पुन्हा तेच वजन उचलायला जाणे तर दुहेरी नुकसान करते. धोक्याची घंटा बंद केल्याने आग विझत नसते.

ही तपासणी महाग नाही, हे मुद्दाम सांगतो. रक्तदाब मोजणे, लघवीतील प्रथिने पाहणे आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासणे, एवढ्यावर पुष्कळ कळते. मात्र एक बारकावा आहे. धष्टपुष्ट माणसाचे क्रिएटिनिन मुळातच थोडे जास्त असते, आणि क्रिएटिन नावाची पावडर घेणाऱ्याचे आणखी वाढलेले दिसते. म्हणून केवळ एका आकड्यावरून घाबरू नये, आणि 'माझे स्नायू मोठे आहेत म्हणून आकडा मोठा' असे स्वतःच ठरवूनही मोकळे होऊ नये. फेसाळ लघवी आणि संध्याकाळी घोट्यावर येणारी सूज या गोष्टी स्नायूंमुळे होत नाहीत.

इंजेक्शनांचा भाग थोडक्यात सांगतो. ती बहुधा कुल्ल्यावर टोचली जातात, आणि टोचणारा हात मित्राचा असतो. सुई चुकीच्या जागी गेली तर पायात उतरणाऱ्या मोठ्या मज्जातंतूला इजा होते. मग कमरेपासून पोटरीपर्यंत जाणारी कळ 'गादी सरकली' म्हणून वर्षभर शेकली जाते. चोरट्या बाजारातील कुपीत लेबलावर लिहिलेले औषधच असेल, ती जंतुरहित असेल, याची हमी कोणीही देत नाही. टोचल्या जागी गळू होते. क्वचित जंतू रक्तावाटे मणक्यापर्यंत पोहोचतात. कंबरदुखीबरोबर ताप आणि रात्रीची वाढती वेदना असेल, तर ती साधी उसण समजू नये. सुया एकमेकांच्या वापरल्या तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका आहेच.

आपल्याकडील बाजाराविषयीही दोन शब्द. भारतात टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन यांसारखी औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. व्यवहारात काय चालते हे वाचकांना सांगायला नको. अलीकडच्या काळात महाराष्ट्रात मेफेंटरमाइन या इंजेक्शनांचे साठे पकडल्याच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. हे स्टिरॉइड नव्हेच. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ते औषध. व्यायामापूर्वी टोचले की दम लागत नाही आणि दुखणे जाणवत नाही. कमरेच्या दृष्टीने पाहता याहून वाईट संयोग शोधूनही सापडायचा नाही. २०२२ साली देशात उत्तेजकविरोधी कायदा झाला. २०२३ साली भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी ३.८ टक्के दोषी निघाले, आणि मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. पण हा कायदा स्पर्धेतील खेळाडूंसाठी आहे. लग्नाआधी छाती भरावी, समाजमाध्यमावर छायाचित्र टाकावे, एवढ्यासाठी सुई घेणाऱ्या मुलाची चाचणी कोणीच करत नाही.

मग कंबर दुखू लागली तर काय करावे? पहिली गोष्ट, घाबरून लगेच एमआरआय काढू नये. ज्यांना कसलाही त्रास नाही अशा विशीतील माणसांपैकीही सुमारे ३७ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये गादी झिजलेली दिसते, असे २०१५ सालच्या एका मोठ्या आढाव्यात आढळले. अहवालातील शब्द वाचून माणूस खचतो आणि दुखणे वाढते. बिछान्यावर पडून राहणेही हिताचे नाही. भार उतरवावा, चालणे चालू ठेवावे, जमिनीवरून वजन उचलण्याचे प्रकार काही आठवडे थांबवावेत आणि फिजिओथेरपिस्टकडून पोटाचे व कमरेचे व्यायाम शिकून घ्यावेत. बहुतेक कंबरदुखी यानेच मावळते. परंतु पायातील शक्ती जाणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, लघवी वा शौचावरचे नियंत्रण सुटणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे; त्या मज्जातंतूंना उशीर चालत नाही. ताप आणि गडद लघवी यांविषयी वर सांगितलेच आहे.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांना सर्व सांगावे. कोणत्या गोळ्या, कोणते इंजेक्शन, किती आठवडे, शेवटची मात्रा केव्हा, सोबत पाणी काढण्याच्या गोळ्या होत्या का, वेदनाशामके किती, हे सगळे. शक्य असल्यास रिकामी कुपी आणि पाकीट घेऊन जावे. रुग्णाचे गुपित राखणे हे डॉक्टरांचे कर्तव्य असते, आणि औषध घेतल्याचे सांगितले म्हणून कोणी पोलिसांना बोलावत नाही. मुलगा आईबापांसमोर बोलणार नाही, म्हणून पालकांनी तपासणीच्या खोलीबाहेर थांबण्याची तयारी दाखवावी. 'हे काय करून बसलास' हा प्रश्न त्या दिवशी विचारला नाही तरी चालेल.

शेवटचा मुद्दा औषधे सोडण्याचा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळत असताना शरीर स्वतःचे कारखाने बंद ठेवते. औषध एकाएकी थांबले की ते कारखाने सुरू होण्यास काही आठवड्यांपासून अनेक महिने लागतात, कधी त्याहूनही अधिक. त्या काळात अंगातले बळ जाते, सांधे व कंबर कुरकुरतात, झोप उडते, आरशातला देह दर आठवड्याला लहान होत जातो आणि मन काळवंडते. काहींच्या मनात जीव देण्याचे विचारही येतात. पुष्कळ जण पुन्हा सुईकडे वळतात ते याच दिवसांत, आणि सांगतात की, कंबर दुखते म्हणून घेतो. या काळासाठी संप्रेरकांचे तज्ज्ञ, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्ट, यांच्याकडे जावे. रक्ततपासणीवरून ते पुढचा मार्ग ठरवतात आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांची जोड देतात. व्यायामशाळा सोडण्याचीही आवश्यकता नसते. साधारणतः पहिले दोन-तीन महिने निम्म्या वजनाने, सावकाश, कंबर सरळ ठेवून व्यायाम करता येतो. जुन्या तालमीतील जोर आणि बैठकाही चालतात, फक्त त्यांची संख्या फिजिओथेरपिस्टना विचारून ठरवावी.